भुशाचं कपाट घ्यावं का? आधी त्याची पाठ बघा

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला भाड्याचा वन बीएचके, नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी. दोन-तीन वर्षांत घर बदलावं लागेल अशी शक्यता आहे. ऑनलाइन तीन वस्तू बघून ठेवल्यात: ११,५०० रुपयांचं दोन दारांचं कपाट, ४,२०० रुपयांचं ८० सेंमी रुंद पुस्तकांचं शेल्फ आणि १४,००० रुपयांचा खाली साठवणीची जागा असलेला डबलबेड. तिन्ही ‘इंजिनिअर्ड वूड’चे, खोक्यात सुटे येणारे, घरी जोडायचे. सासरे म्हणतात, भुशाचं काही आणू नका, मिस्त्रीला बोलावून प्लायचं करून घ्या. ताई विचारतात, यातलं काय घ्यावं, किती टिकेल, आणि चांगलं-वाईट ओळखायचं कसं?

माझं उत्तर आधी देतो, कारणं मग. कपाट घ्या, पण हे नको. शेल्फ घ्या, पण ६० सेंमीचं. पलंग मात्र यातला अजिबात घेऊ नका.

माझी बरीच वर्षं पॅनेल फर्निचरच्या कारखान्यात गेली आणि आता घरोघरी जोडणी आणि दुरुस्ती करणारी माणसं माझ्याकडे आहेत. म्हणजे वस्तू जन्माला येताना पाहिल्यात आणि तीन पावसाळे झाल्यावर त्यांचं काय होतं तेही रोज बघतो. त्यावरून एवढं ठामपणे सांगतो की स्वस्त फर्निचर बोर्डामुळे क्वचित मरतं. ते मरतं उघड्या राहिलेल्या कडांमुळे, पातळ पाठीमुळे, आटे गेलेल्या स्क्रूंमुळे आणि लादी पुसण्याच्या पाण्यामुळे. दुकानातल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. फोटो समोरून काढलेला असतो, आणि समोरून सगळीच कपाटं सारखी दिसतात.

आधी ‘इंजिनिअर्ड वूड’चं कोडं सोडवू. या नावाखाली प्लायवूड येतं, एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) येतं आणि पार्टिकल बोर्डही येतो. प्लायवूड असेल तर विकणारा ते मोठ्या अक्षरांत लिहितो, कारण ते महाग असतं आणि लोकांना ते हवं असतं. नुसतं ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहिलेलं असेल तर पार्टिकल बोर्ड धरून चाला. लाकडाच्या चिपा (आपल्याकडे काही ठिकाणी उसाची चिपाडंसुद्धा) राळ घालून गरम दाबाखाली थापल्या की हा बोर्ड होतो. त्यावर मेलामाइन या कडक राळेचा छापील कागद दाबून बसवला की त्याला बाजारात प्री-लॅम म्हणतात. लोक ‘भुशाचं’ म्हणून नाक मुरडतात, पण चांगल्या प्री-लॅमला तुच्छ लेखायचं काही कारण नाही. हवामान बदललं की लाकडाला पडतो तसा पीळ त्याला पडत नाही, आणि पृष्ठभागावर गरम चहाचा कप ठेवला तरी बिघडत नाही. जगभरात मध्यमवर्गाची कपाटं याचीच आहेत. आयकिया या फर्निचर कंपनीचं बिली नावाचं पुस्तकांचं शेल्फ १९७९ पासून विकलं जातंय, तेही मुख्यतः याच जातीचं. साध्या पार्टिकल बोर्डासाठी आयएस ३०८७ आणि प्री-लॅमसाठी आयएस १२८२३ ही भारतीय मानकं आहेत. विकणारा बोर्डाचं मानक आणि दर्जा स्वतःहून लिहीत असेल तर मी त्याला पहिला गुण तिथेच देतो.

मेलामाइनऐवजी कधी नुसता पातळ फॉइल कागद चिकटवलेला असतो. तो स्वस्तातल्या स्वस्त मालावर दिसतो. कपाटाच्या आतल्या भागात, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी नखानं जरा जोरात ओरखडा काढून बघा. मेलामाइनवर काही उमटत नाही, फॉइलवर रेघ राहते.

आता दुकानात न जाता, घरबसल्या करता येईल अशी एक तपासणी. विकणाऱ्याच्या पानावर वजन दिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही, आणि तिथेच सगळं खरं बाहेर येतं. पार्टिकल बोर्डाची घनता साधारण ६५० किलो प्रति घनमीटर धरा. मग १८ मिमी जाडीच्या एक चौरस मीटर बोर्डाचं वजन येतं ११.७ किलो, १५ मिमीचं पावणेदहा आणि १२ मिमीचं ७.८ किलो. तुमच्या कपाटाची मापं १८० सेंमी उंच, ८० रुंद, ५० खोल अशी आहेत. दोन बाजूंचे मिळून १.८ चौरस मीटर, वरची-खालची फळी ०.८, आतल्या तीन फळ्या १.२ आणि दोन दारं १.४४. एकूण सव्वापाच चौरस मीटर. खरोखर सगळीकडे १८ मिमी बोर्ड असेल तर नुसत्या बोर्डाचं वजन ६१ किलो भरायला हवं. पाठीचा पातळ बोर्ड साडेतीन किलो आणि बिजागऱ्या-स्क्रूंचे दोन किलो मिळवले की ६६-६७. तुमच्या पानावर ‘१८ मिमी बोर्ड’ लिहिलंय आणि वजन लिहिलंय ४८ किलो. हे गणित जुळत नाही. ४८ किलो हे १२ मिमीच्या आसपासच्या कपाटाचं वजन आहे. याचा अर्थ विकणारा सरळ खोटं बोलतोय असंही नाही. बऱ्याचदा दार किंवा वरची फळी तेवढी १८ ची असते आणि बाजू, आतले कप्पे १२ चे असतात. जाहिरातीत सगळ्यात जाड फळीचं माप येतं. म्हणून म्हटलं, कपाट घ्या पण हे नको. याच किमतीत किंवा हजार-दीड हजार जास्त देऊन बाजू निदान १५-१६ मिमीच्या असलेलं मिळतं. त्याचं वजन ५६-६० च्या घरात असेल.

हलकं म्हणजे नेहमीच फसवणूक असं मात्र समजू नका. आयकियाच्या लॅक टेबलाच्या आत पुठ्ठ्याची मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असते. टीपॉय म्हणून, उचलून इकडून तिकडे ठेवायला, ते उत्तमच. फक्त त्याच्या मधोमध स्क्रू मारायला जाऊ नका, आत धरायला काही नसतं.

यानंतर कडा. बोर्डाला पाणी पृष्ठभागातून लागत नाही, कडेतून लागतं. कडेला लावलेल्या पट्टीला आमच्याकडे एज बँडिंग म्हणतात. ती तीन प्रकारची दिसते: कागदाची, ०.८ मिमी पीव्हीसीची आणि २ मिमी पीव्हीसीची. कागदाची पट्टी कोपऱ्यावर वर्षभरात उचलते. ०.८ मिमी आतल्या फळ्यांना पुरते. दारांना आणि टेबलाच्या दर्शनी कडेला २ मिमी असेल तर विकणाऱ्यानं माल मनापासून बनवलाय असं समजा, कारण हा खर्च फोटोत दिसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती कडांना पट्टी आहे ते. समोरच्या कडेला सगळेच लावतात. फळीची मागची कड, दाराची वरची कड आणि बाजूची जमिनीला टेकणारी कड, या तीन ठिकाणी पैसे वाचवले जातात. दुकानात मांडलेल्या नमुन्यात हात घालून फळीची मागची कड चाचपून बघा. खरखरीत लागली तर ती उघडी आहे. तुर्भ्याचं आयकिया डिसेंबर २०२० पासून आहे, ठाण्याहून फार लांबही नाही. तिथून काही घ्याच असं नाही, पण अर्धा दिवस जाऊन वेगवेगळ्या किमतीच्या कपाटांच्या आत, मागे, खाली हात फिरवून या. कुणी काही म्हणत नाही. हाताला एकदा फरक कळला की ऑनलाइन फोटोतही तो दिसायला लागतो.

जमिनीला टेकणारी कड हा आपल्या घरांचा खास प्रश्न आहे. आपल्याकडे रोज लादी पुसली जाते, तीही फिनाइलच्या पाण्यानं, आणि फडकं नेहमीच नीट पिळलेलं असतं असं नाही. कपाटाच्या बाजू सरळ जमिनीवर टेकत असतील तर त्या कडेनं पाणी शोषतात, बोर्ड फुगतो आणि तळाशी दोन बोटं उंचीपर्यंत वरच्या कागदाचे पोपडे सुटतात. एकदा फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कपाटांत हीच तक्रार सगळ्यात जास्त, वाळवीपेक्षाही जास्त. म्हणून प्लास्टिकचे किंवा धातूचे पाय असलेलंच कपाट बघा, तीन-चार सेंमी उंची पुरते. पाय नसलेलं आवडलंच, तर जोडायच्या आधी, बाजू आडव्या असतानाच, खालच्या कडेला ऑइल पेंटचे दोन हात मारा आणि प्लास्टिकच्या टेकण्या ठोका. शे-दोनशे रुपयांचं काम, पण आयुष्यात दोन-तीन वर्षांची भर पडते. आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला किंवा बाथरूमच्या सामाईक भिंतीला कपाट चिकटवू नका. चार बोटं हवा खेळू द्या, नाहीतर ऑगस्टमध्ये पाठीवर बुरशी येतेच.

आता पाठीबद्दल. लोकांना वाटतं पाठ म्हणजे धूळ येऊ नये म्हणून लावलेला पुठ्ठा. खरं तर कपाट उभं राहतं ते पाठीमुळे. चार फळ्यांची चौकट नुसत्या कोपऱ्यांवर जोडली की बाजूनं ढकलल्यावर ती तिरकी होते. पाठीचा बोर्ड चारही कडांना घट्ट बसला की ती हलत नाही. स्वस्त कपाटात पाठ ३ मिमीची असते, आणि खोकं लहान करण्यासाठी ती मधोमध कापून टेपनं जोडलेली, घडी घातलेली असते. ती वाईटच असं नाही, पण मग तिला मधे आडवी पट्टी हवी आणि खिळे साधारण १५ सेंमीवर हवेत. त्याहून बरी पाठ म्हणजे बाजूंच्या खाचेत सरकवलेली. सगळ्यात चांगली ६ मिमीची, स्क्रूनं बसवलेली, पण या किमतीत ती क्वचित मिळते. दुकानात तपासायचं असेल तर उभ्या कपाटाच्या वरच्या कोपऱ्यावर तळवा ठेवून बाजूला हलकं ढकला. डोलून परत जागेवर आलं तर एक वेळ चालेल. डोललं आणि दारांच्या फटी वेड्यावाकड्या झाल्या तर पुढे जा.

घरी जोडताना तर पाठ हाच सगळ्यात मोठा क्षण. पाठ ठोकायच्या आधी कपाट गुण्यात (काटकोनात) आहे का ते बघायचं, म्हणजे दोन्ही कर्ण मोजायचे. १८० बाय ८० च्या चौकटीचे कर्ण साधारण १९७ सेंमी येतील. आकडा नेमका काय येतो याला महत्त्व नाही, दोन्ही कर्ण एकमेकांशी जुळले पाहिजेत. दोन-तीन मिमीचा फरक ठीक आहे. त्याहून जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर दाबून चौकट सरळ करा आणि मगच खिळे मारा. ‘दारं लागत नाहीत, माल खराब आहे’ अशा ज्या तक्रारी येतात, त्यातल्या कितीतरी ठिकाणी माल ठीक असतो. कंपनीनं पाठवलेला पोरगा दिवसाला ठरावीक घरं उरकायची म्हणून कर्ण न मोजता पाठ ठोकून निघून गेलेला असतो. त्याच्यासमोर टेप घेऊन उभं राहा, त्याला राग आला तरी चालेल.

सांधे. सुट्या फर्निचरचा जीव सांध्यात. गोल चकती फिरवली की बोल्ट आत ओढला जातो, त्याला कॅम लॉक किंवा आपल्या बाजारात मिनिफिक्स म्हणतात. सोबत ८ मिमी जाडीच्या लाकडी खुंट्या असतात. चकती सांधा ओढून धरते आणि वजन खुंट्या पेलतात. म्हणून जोडणाऱ्यानं खुंट्या ‘जास्तीच्या आहेत’ म्हणून पिशवीत उरवल्या तर त्याला तिथेच थांबवा. चकती धातूची हवी. अर्ध्या फेऱ्यात ती घट्ट होते. गरगर फिरतच राहिली तर आतलं भोक सैल झालंय. दुसरा प्रकार कन्फर्मेट स्क्रूचा, ७ मिमी जाड, खडबडीत आट्यांचा, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. दिसायला तो ओबडधोबड, पण धरतो घट्ट. सगळ्यात वाईट म्हणजे साधे बारीक लाकडाचे स्क्रू बोर्डाच्या कडेत मारलेले. पार्टिकल बोर्ड पृष्ठभागातून स्क्रू बरा धरतो, कडेतून कमी, आणि दोनदा काढून तिसऱ्यांदा लावला की आटे जातात. तुम्हाला दोन-तीन वर्षांत घर बदलायचंय, त्यामुळे हे तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं. कपाट मोडून परत जोडता येईल का, हे विकणाऱ्याला विचारू नका, जोडणीची पुस्तिका उतरवून घ्या आणि बघा. सगळे मुख्य सांधे कॅम किंवा कन्फर्मेटचे असतील तर एक-दोन बदल्या सहन होतील. पुस्तिकेत कुठे गोंद लावायला सांगितला असेल तर ती वस्तू त्याच घरात संपणार. सामान हलवणाऱ्यांना ‘उभंच उचला’ असं सांगून पैसे वाचवायचा मोह होतो. ८०-९० किलोचं कपडे भरलेलं भुशाचं कपाट तिरकं ओढलं की खालचे सांधे उखडतात, आणि ते नंतर कुणी नीट करत नाही. रिकामं करा, पाठ काढा, मग मोडा. स्क्रू डब्यात, आणि डब्यावर कपाटाचं नाव.

फळीचा झोल ही पुस्तकं ठेवणाऱ्यांची जुनी रड. इथे लांबी सगळ्यात घातक. तेवढ्याच दाटीनं पुस्तकं भरली तर फळीची लांबी दुप्पट झाल्यावर झोल सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. पुस्तकांचं वजन एका मीटरला ३० किलो धरा. वार्षिकांक आणि शब्दकोश असतील तर त्याहून जास्त. ८० सेंमी लांब, २८ खोल, १६ मिमी जाड पार्टिकल बोर्डाची फळी या वजनाखाली पहिल्याच दिवशी मधे सात-आठ मिमी वाकते. वर्षभर वजन तसंच राहिलं तर हा झोल वाढत जाऊन जवळपास दुप्पट होतो, कारण हा बोर्ड हळूहळू बसत जातो. तीच फळी ६० सेंमीची असेल तर झोल अडीच मिमीच्या आत, डोळ्यांना कळतसुद्धा नाही. किंवा ८० सेंमीच ठेवून २५ मिमी जाडीची घेतली तर दोन मिमी. म्हणून सांगितलं, शेल्फ घ्या पण ६० चं. ८० चंच आवडलं असेल तर त्यात मुलीची खेळणी आणि फोटोफ्रेम ठेवा, पुस्तकं नकोत. आधीच घेतलं असेल तर फळीच्या पुढच्या कडेखाली ॲल्युमिनिअमची किंवा लाकडाची उभी पट्टी स्क्रूनं लावली की बराच आधार मिळतो. आणि फळी अधूनमधून उलटी करून ठेवा. जुना खेळ आहे, पण चालतो.

बिजागऱ्या, चॅनेल (ज्यावर ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्या) यांवर फार बोलत नाही. दाराच्या आत ३५ मिमीच्या गोल खाचेत बसणारी बिजागरी ठीक असते. १८० सेंमीच्या दाराला चार हव्यात, तीन असतील तर चालवून घेऊ, दोन असतील तर सोडून द्या. ड्रॉवरला छऱ्यांचा टेलिस्कोपिक चॅनेल बघा. चाकाचा चॅनेल हलक्या सामानाला पुरतो. ड्रॉवर ६० सेंमीहून रुंद असेल आणि तळ ३ मिमीचा असेल तर चादरी भरल्यावर तळ खाचेतून निसटणार, हे लिहून घ्या. एब्को, हेटिक, हाफेले अशा नावांचं हार्डवेअर असेल तर विकणारा ते लिहितोच. नसेल तरी वस्तू टाकाऊ ठरत नाही, बिजागरी नंतर बदलता येते. बोर्ड बदलता येत नाही.

पलंगाला नाही म्हणण्याचं कारण सोपं आहे. कपाटावर वजन शांतपणे बसून असतं, पलंगावर माणसं धपकन बसतात, कूस बदलतात आणि चार वर्षांची मुलगी उड्या मारते. १४,००० च्या पेटीच्या पलंगात हे सगळे धक्के कडेत मारलेल्या स्क्रूंवर येतात. शिवाय खालची पेटी जमिनीला टेकलेली, म्हणजे परत लादीचं पाणी. उचलायचं हायड्रॉलिक झाकण असेल तर आणखी वाईट, कारण पंपाचा सगळा जोर दोन-चार स्क्रूंवर असतो आणि ते बोर्डाचा लचका घेऊन बाहेर येतात. सहा महिन्यांत करकर सुरू होते. त्याच पैशांत पावडर कोटिंग केलेला लोखंडी पलंग येतो. तो जोडायला अर्धा तास, मोडायला वीस मिनिटं, आणि विकताना गिऱ्हाईकही मिळतं. घेताना मधे आधाराचा पाय आहे ना आणि पट्ट्यांमधलं अंतर आठ-दहा सेंमीहून जास्त नाही ना, एवढं बघा. सामान ठेवायला खाली चाकांचे डबे सरकवा. लाकडाचाच हवा असेल तर थोडे थांबून सॉलिड वूडचा घ्या. जुनाही चालेल.

आता सासऱ्यांचा मुद्दा. ते चुकीचं सांगत नाहीत, पण त्यांचा सल्ला स्वतःच्या घराला लागू आहे. आज ठाणे-पुण्यात मिस्त्रीकडून प्लायचं, सनमायका लावलेलं कपाट करून घ्यायचं तर मजुरीसकट दर्शनी चौरस फुटाला हजार-बाराशेच्या खाली काम होत नाही, चांगल्या प्लायला पंधराशेही लागतात. सात फूट बाय पाच फुटांचं म्हणजे ३५ चौरस फूट, सरळ ४०-५० हजार. ते पंधरा-वीस वर्षं टिकेल, वर्षाला अडीच-तीन हजार पडले. पण भाड्याच्या घरात ते भिंतीच्या मापानं बनतं आणि पुढच्या घरात बसत नाही. साडेबारा हजारांचं बरं भुशाचं कपाट पाच-सहा वर्षं चाललं आणि शेवटी भंगारात गेलं तरी वर्षाला दोन-अडीच हजारच पडतात. म्हणजे वर्षाचा हिशोब जवळपास सारखाच. फरक इतकाच की एकात पैसे आज अडकतात आणि दुसऱ्यात तुम्ही मोकळे राहता. भुशाच्या कपाटाला नंतर किंमत येईल ही आशा मात्र सोडा. जुन्या बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

तिसरा पर्याय घरात कुणीच काढला नाही, तो मी काढतो: लोखंडी कपाट. आपल्या आज्यांच्या घरी गोदरेजचं असायचं तसं. मोठ्या कंपनीचं महाग वाटलं तर स्थानिक फॅब्रिकेटरकडे १२-१५ हजारांत मिळतं. पत्रा २२ गेजचा मागा, २४ चा त्याहून पातळ, दाबला की ‘टक्’ वाजतो. त्याला पाणी, वाळवी, घर बदलणं, कशाचीच फारशी फिकीर नसते. गंजाची तेवढी काळजी घ्यायची, खाडीकाठी असाल तर जास्तच. दिसायला ते जुनाट, हे मान्य. पण ‘किती टिकेल’ असं विचारलंत म्हणून सांगितलं.

घरात लहान मूल आहे म्हणून दोन गोष्टी, आणि यात तडजोड नको. पहिली, उंच कपाट, शेल्फ किंवा ड्रॉवरचं युनिट भिंतीला पट्टीनं बांधलंच पाहिजे. मुलं खालचे ड्रॉवर उघडून पायऱ्यांसारखी चढतात आणि अख्खं युनिट अंगावर येतं. अमेरिकेत अशा अपघातांत मुलं दगावल्यावर २०१६ साली आयकियानं माल्म आणि तशाच इतर ड्रॉवर युनिटचे सुमारे २ कोटी ९० लाख नग परत मागवले होते. खोक्यात एल आकाराची पट्टी आणि प्लग असतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही म्हणून तो पिशवीतच राहतो. घरमालकाशी बोला. दोन भोकं पुटी भरून बुजवता येतात. दुसरी गोष्ट वासाची. बोर्डाच्या राळेतून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर येतो, डोळ्यांना चुरचुर होते ती त्यामुळेच. विकणाऱ्यानं ई१ किंवा ई० (हा वायू कमी सोडणाऱ्या बोर्डाचे दर्जे) लिहिलंय का बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर मुलीच्या खोलीत ती वस्तू नको. आणि चांगलं असलं तरी जोडून झाल्यावर दारं-ड्रॉवर उघडे ठेवून दहा-पंधरा दिवस हवा लागू द्या, मगच कपडे. वायू सगळ्यात जास्त उघड्या कडांमधून आणि रिकाम्या भोकांमधून येतो, म्हणून भोकांवर टोप्या बसवा.

ऑनलाइन अभिप्रायांत पाच तारे मोजू नका. बहुतेक लोक जोडणी झाली त्याच संध्याकाळी लिहितात, तेव्हा सगळंच सुंदर असतं. वर्ष-दीड वर्षापूर्वीचे, फोटोसकट आणि एक-दोन तारे दिलेले अभिप्राय वाचा. ‘डिलिव्हरी उशिरा आली’ असले सोडून द्या. ‘तळ फुगला’, ‘फळी वाकली’, ‘दार निखळलं’ यातलं एकच वाक्य वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं दिसलं तर ती त्या वस्तूची खोड आहे.

माल आला की खोकी उभी ठेवू नका, भिजलेला किंवा दबलेला कोपरा असेल तर उघडायच्या आधी फोटो काढा. कोपरे आधी तपासा, पार्टिकल बोर्डाचा कोपरा आपटला की आतून भुगा होतो आणि तिथेच नेमका सांधा येतो. असा एक कोपरा सापडला तर ‘गोंद लावून बसवतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा आणि तेवढी फळी बदलून मागा. चांगला विकणारा एक फळी वेगळी पाठवतो, अख्खं कपाट परत न्यायला बघत नाही. ऑर्डर देण्याआधीच त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून ‘एक फळी तुटली तर सुटी मिळते का’ एवढंच विचारा. तिथे टाळाटाळ झाली तर दुसरं बघा.